ढोलावरची खाच

आमच्या ह्यांना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे ‘खोलकर’ म्हणतात. आडनाव वेगळंच आहे, पण दिसेल ती वस्तू खोलून बघायची ह्यांची खोड इतकी जगजाहीर, की एकदा बाहेरगावच्या एका पार्सलवर ‘श्री. खोलकर, फिटर’ असंच लिहून आलं होतं आणि ते न चुकता ह्यांच्याच हातात पडलं. लग्न होऊन मी घरात आले त्याच आठवड्यात ह्यांनी माझं शिवणयंत्र खोललं. माहेरून आणलेलं, माझ्या पोटापाण्याचं यंत्र. मी भाजी घेऊन परत येते तर खोलीभर चादर पसरलेली आणि तिच्यावर माझ्या यंत्राची आतडी ओळीनं मांडलेली.

“बिघडलं होतं का?” मी विचारलं.

“नाही. छान चाललं होतं. म्हणूनच बघितलं,” हे म्हणाले. “बिघडल्यावर खोललं तर चांगलं असताना कसं होतं ते कुठून कळणार?”

मी चादरीला वळसा घालून भाजी आत नेली.

ती चादर म्हणजे आमच्या संसारातली सगळ्यांत मानाची वस्तू. जुनी, तेलाच्या डागांनी भरलेली, आणि धुवायला सक्त मनाई. जो भाग आधी निघाला तो डाव्या टोकाला, नंतरचा त्याच्या उजवीकडे, असं करत शेवटचा स्क्रू उजव्या टोकाला. जोडताना तिकडून इकडे यायचं. चादर अंथरलेली असली की ती कुणी ओलांडायची नाही, पंखा लावायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. आमची लेक चालायला शिकली ती ह्या चादरीच्या कडेकडेनं. अजूनही ती कुठल्याही खोलीत शिरली की भिंतीलगत चालते, आणि आमच्या जावयांना वाटतं की बायको फार विनयशील आहे.

बोलण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे. मी कपडे शिवते. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला वंगण लागत नाही. हे मात्र चारचौघांत बसले की आधी टेबल डुगडुगतंय का ते हातानं बघतात, आणि डुगडुगत असेल तर मग गप्पांशी ह्यांचा संबंध संपला. लेकीचं लग्न ठरवायला तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा आली, तेव्हा विहीणबाई घरची माहिती सांगत होत्या आणि हे जमिनीवर ओणवे. “जरा उठता का? पाय आखूड आहे,” असं हे विहीणबाईंच्या खुर्चीबद्दल म्हणाले, आणि विहीणबाईंनी साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली. मी तिथल्या तिथे मेले असते तरी चाललं असतं. हे शांतपणे पुठ्ठ्याची घडी घालून खुर्चीच्या पायाखाली सरकवत होते.

ह्यांचा कारखाना मोज्यांचा. मोठ्या दालनात नवी यंत्रं रांगेनं उभी आहेत. बटण दाबलं की पटापट मोजे बाहेर टाकतात. पण मागच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, एक जुनं यंत्र आहे. काळं लोखंड, तेल घालायच्या पितळी वाट्या, गोलाकार बसवलेल्या सुया. सगळे तिला म्हातारी म्हणतात. म्हातारी साधे मोजे विणत नाही. ज्यांचा पाय कापावा लागलाय, त्यांना नकली पाय चढवण्याआधी उरलेल्या पायावर एक मोजा घालावा लागतो. वर रुंद, खाली निमुळता, टोकाला बंद, आणि शिवण कुठेही नाही. शिवण असली की दिवसभराच्या चालण्यात ती कातडीला घासते, जखम होते, आणि मग जखम भरेपर्यंत नकली पाय कोपऱ्यात आणि माणूस कुबड्यांवर. कारखान्यात ह्या मोज्यांना टोपडी म्हणतात, कारण दिसतात तशीच, तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी. नव्या यंत्रांना टोपडं जमत नाही. त्यांच्या मोज्याचं टोक शेवटी शिवावंच लागतं.

म्हातारी ज्यांनी बनवली त्यांचा कारखाना केव्हाच बंद पडला. सुटे भाग मिळत नाहीत, नकाशे नाहीत, विचारायला माणूस नाही. तिचा जो भाग झिजेल तो ह्यांनी काढायचा, चादरीवर ठेवायचा, मोजायचा, मूळचा कसा असेल ते ताडायचं आणि तसा नवा घडवायचा. असं करत करत म्हातारीत बनवणाऱ्यांचं किती उरलंय आणि ह्यांचं किती, ते आता ह्यांनाही सांगता यायचं नाही.

“तिच्यासाठी नवनवे दागिने घडवता,” मी म्हणते, “आणि मला बॉबिनची एक पेटी आणायची तर आठवण राहत नाही.”

हे कानापर्यंत लाल होतात. पण पेटी विसरायची ते विसरतातच. बाजारातून येताना ह्यांच्या खिशात कुठलातरी स्प्रिंगचा तुकडा असतो, रस्त्यात सापडलेला, आणि पेटीचं नाव काढलं की हे कपाळावर हात मारून घेतात. मग माझं तोंड सुटतं. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

टोपड्यांशी माझं नातं जरा जवळचं आहे, कारण माझा मोठा भाऊ ती घालतो. दादाचा डावा पाय तरुणपणीच एका अपघातात गुडघ्याखाली गेला. जो उरला त्याला तो खुंट म्हणतो. “आज खुंट रुसलाय,” “खुंटाला हवा दाखवतो,” असं चारचौघांत बिनदिक्कत बोलतो. नोकरी विजेच्या कंपनीत, दारोदार फिरून मीटर वाचायची. धडधाकट माणसं ज्या कामाला नाकं मुरडतात ते ह्यानं मागून घेतलं. कुठल्या जिन्याचा कठडा हलतो, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, कुठल्या म्हातारबुवांना मीटर दाखवायच्या निमित्तानं थोडं बोलायचं असतं, सगळं त्याला पाठ. कंपनीनं त्याला तळघरातल्या दप्तरखान्यात खुर्ची देऊ केली होती. “मला बसवलंत की मी संपलो,” असं साहेबांना सांगून तो परत जिने चढायला लागला.

तर झालं असं, की एक दिवस म्हातारीची सुई तुटून आत अडकली आणि जोर पडून तिचा ढोल फुटला. ढोल म्हणजे बरणीएवढा ओतीव लोखंडाचा गोळा, त्याच्यावर उंचवटे आणि खळगे. तो हळूहळू फिरतो आणि एक दांडी त्याच्यावर टेकून वरखाली होत जाते. दांडी खळग्यात उतरली की टाके सैल पडतात, उंचवट्यावर चढली की घट्ट. टोपडं कुठे रुंद आणि कुठे निमुळतं व्हायचं ते सगळं त्या ढोलाच्या अंगावर लिहिलेलं. ढोल नाही तर म्हातारी म्हणजे नुसतं भंगार.

नेमकं त्याच सुमाराला कारखान्यात नवं यंत्र यायचं होतं. धाकट्या मालकीणबाई, म्हणजे मोठ्या मालकांची मुलगी, नुकत्याच कारभार बघायला लागल्या होत्या. पोरगी चांगली आहे. तिनं ह्यांना बोलावून सरळ सांगितलं, “काका, नवं यंत्र ह्या महिन्याच्या अखेरीला येतंय. तोवर म्हातारी चालू झाली तर मी तिला हात लावणार नाही, माझा शब्द आहे. नाही झाली तर ती जागा मला लागेल.”

आणि दादाच्या कंपनीनंही तोच मुहूर्त साधला. फिरतीवर असलेल्या सगळ्यांची तपासणी निघाली. कंपनीच्या डॉक्टरांसमोर चालून आणि जिने चढून दाखवायचं. जमलं तर फिरती कायम, नाही जमलं तर तळघरातली खुर्ची. दादाकडची बाकीची टोपडी मी रफू करून करून कशीबशी टिकवली होती, पण एक कोरं टोपडं पिशवीसुद्धा न उघडता त्यानं बाजूला ठेवलं होतं. “हे परीक्षेचं,” असं तो म्हणायचा.

ह्यांनी फुटक्या ढोलाचे तुकडे घरी आणले, चादरीवर मांडले, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून सांधले आणि मोजायला बसले. कुठे किती झिजलंय ते बोटानं चाचपायचं, भिंगातून बघायचं, मूळची उंची किती असेल त्याचा अंदाज बांधायचा. बनवणाऱ्यांवर ह्यांची अपार श्रद्धा. कधीही न पाहिलेल्या त्या माणसांबद्दल हे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं बोलतात. एका जागी, टोपड्याचं टोक विणलं जातं तिथे, एका उंचवट्याशेजारी बारीकशी खाच होती. कडा खडबडीत. हे बराच वेळ तिच्यावर अडखळले.

“काय झालं?” मी विचारलं.

“कुणाची तरी कानस घसरलेली दिसते. हे बनवणाऱ्यांचं काम नाही. ते असं वेडंवाकडं करणार नाहीत.”

आणि नव्या ढोलात ह्यांनी ती खाच घेतलीच नाही. ती जागा नीट भरून, गुळगुळीत करून टाकली. लेथवर लोखंड फिरवत नवा गोळा तासून घेतला, उंचवटे हातानं कानसले, आणि तयार ढोल फडक्यात गुंडाळून घरी आणून माझ्या शिवणाच्या टेबलावर ठेवला.

“कसा झालाय?” असं ह्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाबद्दल ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दृष्ट लागेल.

म्हातारी चालू झाली. पहिलं टोपडं दादाला. रंग स्वच्छ, वीण एकसारखी, बघून जीव सुखावला. दादा ते घालून कामावर गेला आणि संध्याकाळी माझ्याकडे आला तो भिंत धरत. बाकावर बसला, नकली पाय सोडला, टोपडं उतरवलं. खुंटाच्या टोकाला लालभडक कडं उठलं होतं आणि एका बाजूला कातडी सुटून आली होती.

“जावईबापू, टोपडं झकास आहे,” दादा ह्यांना म्हणाला. “फक्त टोकाला आतून कुणीतरी दोरी बांधून ठेवलीय.”

हे गुडघ्यावर बसले. आधी टोपडं उलटं करून बघितलं, मग दादाचा पाय. बोट लावून बघितल्यावर टोकाजवळच्या ओळी खरंच कडक लागत होत्या. मी मलम आणलं, आणि दादाला त्या रात्री कुबड्यांवर घरी जावं लागलं.

पुढचे काही दिवस ह्यांनी म्हातारीचं काही म्हणता काही सोडलं नाही. सुया बदलल्या, धागा बदलला, वजनं बदलली, तेल बदललं. चार टोपडी विणली, चारहींना टोकाशी तेच कडं. जेवायला बसले तरी हात ताटात आणि लक्ष भिंतीवर. मला राग यायचा आणि कीवही यायची. दोन्ही एकदम आलं की मी जास्तच भांडते.

एका संध्याकाळी हे आपणहून बोलले. “ढोल फुटका आणि झिजका. त्याच्यावर विश्वास ठेवून भागणार नाही. उलटं जायला हवं. टोपड्यावरून ढोलाकडे.”

“म्हणजे?”

“जुनं टोपडं उसवायचं. एकेका ओळीला धागा किती लागलाय ते मोजायचं. जास्त धागा म्हणजे सैल ओळ, म्हणजे तिथे दांडी खाली होती. सगळ्या ओळी मोजल्या की ढोल कसा होता ते कळेल.”

मी लगेच दादाची जुनी टोपडी काढली. हे एकेक बघत गेले आणि बाजूला ठेवत गेले. सगळ्यांची टोकं मी रफू केलेली. मूळची वीण कुठे शिल्लकच नाही.

“तू सगळ्यांची टोकं बुजवलीस,” हे म्हणाले.

“मग काय भोकं ठेवायची होती?” मी उसळले. “भाऊ माझा चालत होता त्यांच्यावर!”

मग ह्यांनी रुग्णालयाच्या दुकानात चौकशी केली. तिथली फळी रिकामी, लोक फाटेपर्यंत वापरतात. उरलं होतं एकच टोपडं, दादाच्या कपाटातलं, पिशवीत बंद. ते ह्यांच्या मनात आलंय हे मला कळलं, कारण दरवाजा कुरकुरत नसताना हे त्याच्या बिजागरीला तेल घालत बसले होते.

“मनातसुद्धा आणू नका,” मी म्हटलं. “तपासणी तोंडावर आलीय. जखम आत्ता कुठे भरतीय. रफूचं टोपडं घालून तो डॉक्टरांसमोर लंगडला तर तुम्ही त्याला फिरती परत देणार आहात का?”

“मी कुठे काय बोललो?”

“बोलू नकाच.”

रविवारी दुपारी दादा स्वतःच आला. जखम भरली होती, पण तपासणीपर्यंत पाय जपायचा म्हणून अजून कुबड्यांवर. बसला, पाणी प्यायला. टेबलावर त्या चार टोपड्यांचा ढीग होता, तो त्यानं चाळवला.

“काय अडलंय, जावईबापू?”

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे इच्छा असते, पण जमत नाही. “एक चांगलं जुनं टोपडं हवं होतं,” हे म्हणाले. “उसवायला.”

“मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीत?” असं म्हणून दादानं खिशातून पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. तीच. परीक्षेची. तो ते टोपडं घेऊनच आला होता, माझ्याकडून एकदा धुऊन मऊ करून घ्यायला.

मी ती पिशवी उचलून छातीशी धरली. “नाही द्यायचं,” मी म्हटलं. “दादा, हे गेलं तर तुझ्याकडे काही राहत नाही. आणि उसवूनही काही कळलं नाही तर?”

“अगं, हे एक टोपडं मला डॉक्टरांसमोरून पार करेल,” दादा म्हणाला. “कबूल. पण त्याच्या पुढच्या महिन्यात काय घालू? त्याच्या पुढच्या? हे फाटलं की मी तळघरातच. तेव्हा जाणारच आहे तर कामी येऊन जाऊ दे. दे इकडे. नको, तूच उसव. तुझा हात हलका आहे.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग डोळे पुसून पिशवी फाडली.

विणताना टोपडं टोकापासून सुरू होतं, आणि उसवताना तोंडापासून सुरू करावं लागतं. म्हणजे टोकापर्यंत पोचायचं तर अख्खं टोपडं सोडवायलाच हवं. मधे कापलं तर धागा तुटतो आणि माप जातं. मी टेबलाच्या कडेला माझी मोजपट्टी टाचणीनं पक्की केली. एक ओळ उसवायची, कुरळा धागा बोटानं सरळ करायचा, पट्टीला लावायचा, आणि आकडा बोलायचा. हे माझ्या खडूनं टेबलावरच खुणा करत होते, एकापुढे एक. जास्त धागा तर खूण वर, कमी तर खाली. दादा धाग्याचं टोक धरून बसला होता, आपलंच टोपडं गुंडाळत.

खडूच्या खुणांची ओळ उतरत गेली. टोपडं निमुळतं होत होतं, तसे आकडेही कमी होत होते. दुपार कलली, मी दिवा लावला. बोटांत टोपीएवढंच उरलं, मग वाटीएवढं. आता शेवटच्या काही ओळी. मी धागा लावला आणि आकडा बोलले.

“परत मोज,” हे म्हणाले.

मी परत मोजलं. आकडा तोच, एकदम मोठा. पुढची ओळही तशीच, त्याच्या पुढचीही. खडूची ओळ खाली खाली येत होती ती टोकाशी अचानक टुणकन वर गेली, आणि मग पुन्हा जागेवर आली. हातात नुसती धाग्याची गाठ उरली.

ह्यांनी त्या वर आलेल्या खुणांवरून बोट फिरवलं. मग पलंगाखालून जुन्या ढोलाचा तुकडा काढला आणि भिंग लावून दिव्याखाली धरला.

“झीज गुळगुळीत असते,” हे हळू आवाजात म्हणाले. “ह्या खाचेत कानसीचे ओरखडे आहेत. सगळे एका दिशेचे. सावकाश, बेतानं मारलेले. कुणाची कानस घसरली नव्हती. कुणीतरी मुद्दाम केलंय.”

“का पण?” मी विचारलं.

“बनवणाऱ्यांनी टोक घट्टच ठेवलं होतं. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच असणार. नंतर कुणीतरी ते सैल केलं.”

“त्याला माझ्यासारखा एखादा खुंटवाला भेटला असणार,” दादा म्हणाला. “बाकावर बसून पाय दाखवणारा.”

हे खाली बसले. “मला वाटलं मी दुरुस्त करतोय,” म्हणाले. “खाच भरताना किती खूश होतो मी.” आणि दादाकडे वळून, “तुमचा पाय माझ्यामुळे सोलला गेला.”

“गेला. आता पुढचं बोला,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादाही कारखान्यात गेलो, घरी बसवेना. ह्यांनी नवा ढोल पकडीत धरला आणि ज्या जागी खाच भरली होती तिथेच बारीक कानस मारायला लागले. थोडं कानसायचं, पुसायचं, ढोल बसवायचा, टोक विणून बघायचं, मला उसवायला द्यायचं. आकडा कमी आला की ढोल पुन्हा पकडीत. मालकीणबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. नवं यंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं, पण त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. त्यांनी मला स्टूल आणून दिलं.

शेवटी कालच्या खडूच्या खुणांवरून लिहून आणलेल्या आकड्यांशी नवे आकडे जुळले. मग म्हातारीनं एक पूर्ण टोपडं विणलं. दादा खोक्यावर बसला, टोपडं घातलं, वरून नकली पाय चढवला, उभा राहिला. दालनाच्या दारापर्यंत जाऊन आला. मग कोणाला न विचारता ऑफिसचा लोखंडी जिना चढायला लागला. वर गेला, खाली आला, परत वर गेला. आम्ही सगळे खाली उभे, माना वर करून. नवी यंत्रं चालू होती तरी मला फक्त त्याची पावलं ऐकू येत होती.

तो खाली आल्यावर हे पुढे झाले. “काय?”

“काय म्हणजे? काही नाही.”

“टोचतंय? दाबतंय?”

“अहो, काहीच कळत नाहीये! घातलंय का नाही तेसुद्धा कळत नाही.”

तेव्हा हे खोक्यावर बसले आणि हातातल्या फडक्यानं डोळे पुसायला लागले. फडकं तेलाचं. तोंड काळं झालं, तरी पुसतच होते. मी पदरानं साफ करायला गेले तर मालकीणबाई म्हणाल्या, “असू दे, काकू, थोडा वेळ.” नवं यंत्र पुढे दालनात कुठेतरी दाटीवाटीनं बसवलं. म्हातारी खिडकीखालीच आहे.

दादाची तपासणी झाली. डॉक्टरांनी वरच्या मजल्यापर्यंत चढायला लावलं. ते धापा टाकत मागून पोचेपर्यंत दादानं तिथल्या मीटरचा आकडा वाचून ठेवला होता. फिरती कायम राहिली.

त्यानंतर एकदा हे डबा विसरून गेले म्हणून मी द्यायला गेले. म्हातारी बंद होती, ढोल पकडीत होता, आणि हे त्याच्यावर वाकून बारीक छिन्नीनं काहीतरी ठोकत होते. आता काय बिघडलं, असं म्हणत मी जवळ गेले. खाचेच्या शेजारी, जिथे दांडी टेकत नाही अशा जागी, हे अक्षरं कोरत होते. अक्षर ह्यांचं मुळात वाईट, लोखंडावर तर विचारूच नका. पण वाचता येत होतं.

‘ही चूक नाही. भरू नये.’

“हे वाचणार कोण?” मी विचारलं.

“कधीतरी कुणीतरी खोलेलच,” हे म्हणाले. “माझ्यासारखाच एखादा शहाणा.” आणि फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवला.

मी डबा ठेवला. ह्या माणसाशी संसार करताना मीही किती खाचा भरायला निघाले होते, ते मला आठवत होतं. हे मान वर न करता तीच अक्षरं पुन्हा ठोकून खोल करत होते. मला एकदम ह्यांच्याबद्दल इतकं भरून आलं, की बाहेर रस्त्यावर येऊन मी उगाचच एका दुकानासमोर थांबले.

त्या संध्याकाळी हे घरी आले. खिशातून एक स्प्रिंगचा तुकडा निघाला, आणि बॉबिनची पेटी विसरले होते. मी काही बोलले नाही.